सराफ्याच्या वह्या कोणाच्या?

इंदूरच्या सराफ्यावरून, म्हणजे राजवाड्याजवळच्या सोन्याचांदीच्या बाजारावरून, गेली काही वर्षे जो वाद चालला आहे, त्यात दोनच पक्ष आहेत असे सगळे धरून चालतात. सोन्याचांदीच्या दुकानदारांचे म्हणणे असे की रात्री लागणारी खाद्यपदार्थांची दुकाने, म्हणजे इथली ‘चौपाटी’, वाढत वाढत आता अरुंद गल्लीत मावेनाशी झाली आहेत, गॅसच्या टाक्यांमुळे आगीचा धोका आहे, आणि संध्याकाळी आठच्या सुमाराला गिऱ्हाईक दागिना बघत असतानाच दुकानापुढच्या ओटल्यासमोर कढई तापायला लागते. चौपाटीच्या बाजूचे म्हणतात की गराडू, भुट्ट्याचा कीस आणि मावाबाटी खायला लोक देशभरातून येतात, आणि या गल्लीचे नाव आज जगाला ठाऊक आहे ते दागिन्यांमुळे नव्हे. दोन्ही बाजू आपापल्या म्हणण्याला ‘वारसा’ हा शब्द जोडतात. महापालिका कधी पारंपरिक दुकाने ठेवून बाकीची हटवू म्हणते, कधी समिती नेमते, आणि प्रश्न पुढल्या हंगामावर जातो.

माझे म्हणणे या दोघांहून वेगळे आहे. सराफ्याचा वारसा दागिन्यांत नाही आणि चाटमध्येही नाही. तो पत सांभाळून चालणाऱ्या, म्हणजे विश्वासावरच्या, व्यवहारात आहे आणि त्या व्यवहाराच्या लेखी पुराव्यात, म्हणजे पेढ्यांच्या वह्यांमध्ये, आहे. या वह्या आपल्या डोळ्यांदेखत रद्दीत चालल्या आहेत, आणि शहराच्या एकाही आराखड्यात त्यांच्यासाठी जागा नाही. चौपाटी राहावी की जावी यावर जेवढी शाई खर्च झाली, तिचा काही अंश जरी या प्रश्नावर खर्च झाला असता तरी आज मला हा लेख लिहावा लागला नसता.

मुळात ‘सराफ’ या शब्दाचा अर्थच आपण विसरलो आहोत. आज सराफ म्हणजे दागिने विकणारा. दीडशे वर्षांपूर्वी सराफ म्हणजे नाणी पारखणारा, एका गावचा पैसा दुसऱ्या गावी पोहोचवणारा, ठेवी घेणारा आणि कर्ज देणारा माणूस होता. माळव्यात त्या काळी एकच नाणे चालत नव्हते. होळकरांचा हाली रुपया, उज्जैनचा रुपया, इंग्रजांचा कलदार, आणि शेजारच्या संस्थानांची आणखी किती तरी नाणी बाजारात फिरत असत, आणि प्रत्येकाचा बट्टा, म्हणजे नाणे बदलताना होणारी कपात, दिवसागणिक बदलत असे. मंडईत धान्य विकून आलेल्या शेतकऱ्याला सरकारात भरणा करायचा तर कोणता रुपया कितीला बसेल, हे सांगणारा माणूस लागत असे, आणि तो राजवाड्याच्या मागच्या गल्लीत बसलेला असे. राजवाड्याला लागूनच सराफा वसला हा योगायोग नाही. दौलतीला, म्हणजे राज्याला, रोज पैसा लागतो, आणि पैशाला दौलतीचे संरक्षण लागते.

मराठी माणसांनी या संदर्भात एक गोष्ट विशेष लक्षात ठेवायला हवी. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला. त्या तहाची बोलणी करून होळकरांच्या वतीने सही करणारे तात्या जोग, म्हणजे विठ्ठल महादेव किबे, हे मुळात पेढीवाले होते. तहानंतर राजधानी इंदूरला आली ती त्यांच्याच कारभारात. तलवारीचा काळ संपून करारांचा काळ सुरू झाला, तेव्हा दौलत सावरण्याची जबाबदारी सावकारी समजणाऱ्या माणसाच्या हाती गेली, आणि त्याने राजधानीसाठी व्यापाराच्या वाटेवरचे गाव निवडले. आपण इंदूरचे मराठी लोक होळकरांच्या पराक्रमाविषयी आणि अहिल्याबाईंच्या पुण्याईविषयी भरभरून बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आजचे इंदूर ज्या पायावर उभे आहे, तो पाया तात्या जोगांच्या हिशेबी डोक्याने घातला, हे आपल्या बोलण्यात फारसे येत नाही.

पुढे या गल्लीत जो पैसा आला, त्याचा मोठा भाग अफूतून आला. हे स्पष्ट लिहिले पाहिजे. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जात असे. ती चुकवून पाली-कराचीच्या वाटेने दमणला नेली जाऊ लागल्यावर इंग्रजांनी १८३० पासून मक्त्याचा नाद सोडून परवान्याची पद्धत आणली. प्रत्येक पेटीमागे पास काढायचा, ठरलेला कर भरायचा आणि माल मुंबईला पाठवायचा. सुमारे १४० पौंडांच्या, म्हणजे जवळपास ६३ किलोच्या, त्या पेट्यांचे वजन करण्याचे काटे इंदूरला होते, आणि इंग्रज रेसिडेंटच्या ज्या रेसिडेन्सीत आज आपण संध्याकाळी मोकळ्या हवेला जातो, तिथे या साऱ्याचा हिशेब ठेवला जाई. सिंध इंग्रजांच्या हाती गेल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि पासाचा दर पेटीमागे काही शे रुपयांपर्यंत चढत गेला. शेतकऱ्याला पेरणीच्या आधीच रक्कम द्यायची, चीक गोळा होईस्तोवर थांबायचे, माल मुंबईत विकला जाईस्तोवर पुन्हा थांबायचे, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर कोणी तरी कोणावर तरी विश्वास टाकायचा, असा तो व्यवहार होता. पैसा अडकून पडे तो महिनोन्‌महिने, आणि तो अडकवून ठेवण्याची ताकद सराफ्यातल्या पेढ्यांमध्ये होती. अफूच्या भावावर सट्टाही इथेच चाले. चीनची निर्यात १९१३ मध्ये बंद झाली, तोवर इथल्या काही घराण्यांनी त्या व्यापारात अफाट संपत्ती जोडली होती.

इंदूरचे व्यापारी आणि गिरणीमालक सर सेठ हुकुमचंद यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. अफूच्या आणि पुढे कापसाच्या उलाढालीतून आलेला पैसा त्यांनी गिरण्यांत घातला, इंदूरला घातला तसाच दूर बंगालमध्ये तागाच्या गिरणीतही घातला. इंदूरच्या गिरण्यांमागे एक माळ सलग दिसते: माळव्याच्या काळ्या मातीतला कापूस, मुंबईच्या बाजाराशी जोडणारी रेल्वे आणि सराफ्यातले भांडवल. रेल्वेसाठी दुसरे तुकोजीराव होळकर यांनी इंग्रज सरकारला एक कोट रुपये साडेचार टक्के व्याजाने १०१ वर्षांच्या मुदतीने दिले. संस्थानिकाने राज्यकर्त्याला कर्ज द्यावे, हे त्या काळात साधे नव्हते. खांडव्याहून इंदूरला गाडी आली आणि पेढीवरून भावाची खबर घेऊन जाणाऱ्या कासदांची गरज तारेने आणि आगगाडीने संपवली.

हे सारे ज्या कागदांवर चालले, त्यांतला एक कागद माझ्या टेबलावर आहे. हुंडी म्हणजे अमक्याला इतके पैसे द्यावेत असे एका पेढीने दुसऱ्या पेढीला लिहिलेली चिठ्ठी. माझ्याकडचा कागद हुंडीचा खोका आहे, म्हणजे पैसे चुकते होऊन परत आलेली हुंडी. पिवळट, हाताने केलेला कागद, वर ‘श्री’, आणि मधोमध एक भोक. चुकत्या झालेल्या हुंड्या तारेत ओवून ठेवत, त्या तारेचे ते भोक आहे. रक्कम आधी आकड्यात, मग अक्षरात, आणि त्यानंतर अर्धी लिहून तिचे दुप्पट असे पुन्हा लिहिले आहे: एक हजार, निमे पाचशे, त्याचे दुप्पट पुरे. एखाद्याने आकड्यापुढे शून्य वाढवले तर निमेपाशी तो पकडला जावा, ही योजना. शाहजोग हुंडी असेल तर पैसे वाटेल त्याच्या हाती पडत नसत, बाजारात ज्याची पत आहे अशा शाहालाच मिळत. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत, म्हणजे पेठ, लिहून देत, पेठही हरवली तर तिसरी, म्हणजे परपेठ. दर्शनी हुंडी दाखवताक्षणी वटवायची, मुदती हुंडी मुदत भरल्यावर, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी पैसा नेण्याची हुंडणावळ त्या दिवशीच्या बाजाराप्रमाणे. ना शिक्का, ना पोलीस, ना वकील. हुंडी नकारली गेली तर त्या पेढीचे दार दुसऱ्या दिवशी बंदच झाले असे समजावे.

व्यापारी तंटे सोडवायलाही या बाजाराने आपली व्यवस्था उभी केली होती. ‘ग्यारह पंच’ या नावाने ओळखली जाणारी अकरा प्रमुख पेढ्यांची पंचायत दिवाळ्याचे आणि देण्याघेण्याचे निवाडे करी, आणि दरबार त्यांना मान देई. आज आपण नियमन म्हणतो ते काम बाजार स्वतः करत होता. ती व्यवस्था निर्दोष होती असे मी म्हणत नाही. पंच स्वतःच व्यापारी असत, कुळाला तिथे आवाज नव्हता, आणि ज्याच्याकडे वही नाही त्याचे म्हणणे कोणी लिहून घेत नसे. परंतु ती समजून घ्यायची तर निवाडे आणि वह्या समोर हव्यात. त्या नसतील तर आपल्या हाती उरतील फक्त सेठांच्या दानशूरपणाच्या कथा.

विसाव्या शतकात या पेठेतला पैसा हळूहळू संस्थांकडे गेला. १९२० मध्ये तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या सनदेने बँक ऑफ इंदूर स्थापन झाली. १९६० मध्ये ती स्टेट बँकेची उपबँक झाली, आणि ऑगस्ट २०१० मध्ये विलीन होऊन तिची पाटी उतरली. इंदूरच्या शेअर बाजाराने २०१५ मध्ये सेबीच्या परवानगीने आपला कारभार आवरला. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, आणि कामगारांच्या देण्याचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. ज्या शहराने दुसऱ्यांची देणी वेळेवर चुकती करण्यावर नाव मिळवले, त्या शहरातल्या कामगारांना आपल्या हक्काच्या पैशासाठी तीन दशके वाट पाहावी लागली. हे लिहिताना मला वाईट वाटते. आता नवे कार्यालयी इंदूर सुपर कॉरिडॉर नावाच्या नव्या रस्त्यावर उभे राहते आहे आणि जुन्या पेठेत उरला आहे तो फक्त रस्ता.

रस्त्यावर मात्र अजून बरेच काही शिल्लक आहे. रात्री उशिरा, शेवटचे जिलेबीवाले आवरू लागले की एक माणूस मऊ कुंचा घेऊन गल्लीच्या कडेची धूळ गोळा करतो. कारागिराच्या हातून, कपड्यांवरून, दुकानाच्या झाडलोटीतून जे सोन्याचे कण खाली पडतात, ते त्या धुळीत असतात. मराठीत त्याला झारेकरी म्हणतात, इथे न्यारिया. तो ती धूळ घरी नेऊन धुतो, आटवतो, आणि जे निघेल ते पुन्हा याच गल्लीत विकतो. वरच्या मजल्यांवर बंगाली कारागीर दागिने घडवत बसलेले असतात. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर भागातली गलाईवाली माणसे देशभरच्या सराफ्यांत सोने गाळण्याच्या कामासाठी गेली, त्यांची माणदेशी मराठी भट्टीच्या आवाजातही कानाला ओळखू येते. ज्या ओटल्यावर दिवसा सोन्याचे गिऱ्हाईक बसते, त्याच ओटल्यावर रात्री दहीवडा विकला जातो, आणि दोघांमधला हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आला आहे. चौपाटी पूर्णपणे हलवावी असे मला वाटत नाही ते यामुळेच. टाक्यांची सुरक्षितता, अग्निशामक बंबाला जायची वाट, दुकानांची संख्या, हे सारे कठोरपणे ठरवावे. पण ओटला दिवस-रात्र दोघांनी वाटून घेण्याची ही रीत सराफीच्या जुन्या स्वभावाशी मिळतीजुळती आहे.

पत आता वेगळ्या रूपात येते आहे यात शंका नाही. कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढून सोन्याचा कस पाहणारे डोळे आता थोडेच राहिले. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची खूण आली. गिऱ्हाईकाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. ज्याला सराफाचे घराणे माहीत नाही त्यालाही आता खरे सोने मिळते. बदल थांबवावा असे म्हणणारा मी नाही. पण एका प्रकारची पत दुसऱ्या प्रकारच्या पतीला जागा करून देते, तेव्हा पहिली कशी चालत होती याचा पुरावा जपून ठेवणे हे शहराचे काम आहे.

काही वर्षांपूर्वी बड्या सराफ्याच्या आतल्या एका गल्लीत एक जुनी पेढी पाडली. वारस बाहेरगावी होते. सागवानी खांब आणि कोरीव दरवाजा यांना लगेच गिऱ्हाईक मिळाले. लाल कापडात बांधलेल्या वह्यांच्या चवडी मात्र हातगाडीवर रद्दीवाल्याकडे निघाल्या. मी त्यांतल्या दोन वह्या आणि हुंड्यांची एक तार विकत घेतली. त्यापेक्षा जास्त ठेवायला माझ्या घरात जागा नव्हती. त्या दिवशी मी एका कार्यालयात जाऊन बाकीच्या वह्या निदान काही दिवस कुठे तरी ठेवून घ्याव्यात अशी विनंती केली. मला सांगितले गेले की खासगी कागदांबाबत तरतूद नाही. तोवर गाडी गेली होती.

ती तरतूद करता येते, आणि या लेखाचा सारा आग्रह तेवढ्यासाठीच आहे. होळकर दरबाराचे कागद सरकारी दप्तरात जपले गेले, काही छापूनही निघाले, आणि त्यामुळे राज्यकारभाराचा इतिहास लिहिता आला. पेढ्यांच्या दप्तराला मात्र कोणीच वाली नाही. त्यामुळे शेतकऱ्याने किती व्याज भरले, कोणत्या दुष्काळात किती कर्ज बुडाले, गिरणीला पहिले भांडवल कोणाच्या ठेवींतून मिळाले, कोणत्या विधवेचे दागिने किती वर्षे गहाण पडून होते, या प्रश्नांची उत्तरे अंदाजाने द्यावी लागतात. राजाच्या दप्तरात ही माणसे येत नाहीत. ती सावकाराच्या वहीतच सापडतात, बहुतेकदा फक्त नावापुरती.

यावर पहिला आक्षेप घराण्याच्या अब्रूचा घेतला जातो. आजोबांनी कोणाची जमीन कशी घेतली, अफूत किती मिळवले, हे जगासमोर कशाला मांडायचे? हा संकोच मला समजतो आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. पण त्यावर उपाय आहे. वह्या ठेवून घेताना ठरावीक वर्षांपर्यंत त्या उघडायच्या नाहीत असा लेखी करार करता येतो, मूळ वही घराण्याकडे ठेवून तिची छायाप्रत घेता येते. आणि अफूविषयी बोलायचे तर तो व्यापार इंग्रजी राज्याच्या कराच्या छायेखाली राजरोस चालला होता. तो लपवल्याने कोणाचे नाव उजळत नाही, उलट पुढच्या पिढीला आपले शहर कशावर उभे राहिले हे कळायचे मात्र राहून जाते.

दुसरा आक्षेप लिपीचा, आणि तो अधिक खरा आहे. मराठी पेढ्यांच्या वह्या मोडीत आहेत, मारवाडी पेढ्यांच्या मुडिया म्हणजे महाजनी लिपीत. महाजनीत काना-मात्रा गाळून लिहिण्याची रीत असल्याने ‘काकाजी अजमेर गेले’ हे वाक्य ‘काकाजी आज मर गेले’ असे वाचून घरात रडारड झाल्याची गोष्ट बाजारात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. अशी लिपी पुस्तकावरून शिकता येत नाही, जुन्या मुनिमाजवळ बसून शिकावी लागते. असे मुनीम आता वयोवृद्ध आहेत. इंदुरात महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या जुन्या संस्था आहेत, विद्यापीठ आहे, मोडी हौसेने शिकणारे तरुणही आहेत. त्यांना आणि सराफ्यातल्या उरल्यासुरल्या मुनिमांना एका खोलीत आणून बसवणे, याला कोट्यवधींचा निधी लागत नाही. मात्र वेळ लागतो, आणि आपल्याकडे कमी आहे तो तोच.

पैशाचा आक्षेपही मला पटत नाही. स्मार्ट सिटीच्या नावाखाली राजवाड्याच्या परिसरात जेवढा दगड बसवला गेला, त्याच्या तुलनेत एका वाड्याची डागडुजी काहीच नाही. बडा गणपती ते कृष्णपुरा रस्ता रुंद करताना किती तरी जुन्या घरांचे दर्शनी भाग कापले गेले. त्या घरांच्या माळ्यावर काय होते, याची नोंद कोणी ठेवली का? नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल दिला. सरळ रेषेत वस्ती कापत जाण्याला त्यांचा विरोध होता; जिथे कुजले आहे तेवढेच काढावे, बाकी वस्ती जगवावी, आणि त्यासाठी आधी ती घर-घर हिंडून पाहावी, अशी त्यांची रीत होती. शंभर वर्षांपूर्वी जे या शहराला सांगितले गेले, ते अजूनही पुरते अमलात आलेले नाही.

म्हणून माझी मागणी मोजकी आहे. राजवाडा, बडा सराफा, छोटा सराफा, शक्कर बाजार, मारोठिया बाजार आणि मल्हारगंज या पेठांमध्ये कोणतीही जुनी इमारत पाडण्याची परवानगी देताना, आतल्या कागदपत्रांची पाहणी होऊन नोंद झाल्याखेरीज हातोडा पडू नये, अशी अट परवान्यातच घालावी. पाहणीसाठी महिन्याची मुदत पुरे. त्या कागदांसाठी पेठेतच, सराफ्यापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी, एक वाडा घ्यावा. भोपाळला किंवा शहराबाहेर नव्हे, कारण पेढीवाले आपली वही आपल्या गल्लीबाहेर देणार नाहीत. आणि सराफ्याच्या संघटनेने चौपाटीविषयी जेवढ्या बैठका घेतल्या, त्यांतली एक या विषयावर घ्यावी.

दरवर्षी दिवाळीला सराफ्यात वहीपूजन होते. नव्या वहीवर कुंकवाने स्वस्तिक काढले जाते, विड्याचे पान ठेवले जाते, आणि गेल्या वर्षाची वही कापडात बांधून माळ्यावर चढवली जाते. आता बहुतेकांचा हिशेब संगणकात असतो, तरी पूजेसाठी एक लाल वही आणतातच. येत्या दिवाळीला त्या नव्या वहीशेजारी माळ्यावरची सगळ्यात जुनी वही खाली काढून ठेवा, एवढीच माझी सराफ्यातल्या मंडळींना विनंती आहे. तिच्यावरची धूळ झटका, पहिल्या पानावरचे साल वाचा, आणि ती वाचता येईल असा माणूस घरात उरला आहे का ते पाहा.